गॅसकाकांचं नाक

मीरा-भाईंदरमध्ये भाड्याने घर शोधायला निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: व्हेज की नॉनव्हेज? मी मासे खाणारी, त्यात एकटी बाई, त्यामुळे माझ्या बाबतीत दुसरा प्रश्न सहसा यायचाच नाही. तीन रविवार मी भाईंदर पूर्वेतले जिने चढले आणि उतरले. चौथ्या रविवारी इंद्रलोकातल्या एका दारात उभी राहिले, तर आतल्या गृहस्थांनी 'बस' म्हणायच्या आधीच विचारलं, "सर्दी होते का तुला?"

मला वाटलं, कोविडचा धसका अजून गेलेला दिसत नाही. "छे, कधीच नाही," मी म्हटलं. खरं तर मला जरा धूळ लागली तरी शिंका येतात, पण घर हवं असलेला माणूस काय वाट्टेल ते बोलतो.

मग त्यांनी एक कप माझ्या हातात दिला. वर बशी झाकलेली. मला डोळे मिटायला लावले आणि बशी काढली. "कसला वास येतोय, सांग."

लिफ्ट बंद होती. पाच मजले चढून आले होते, घशाला कोरड पडली होती, आणि हा माणूस माझी परीक्षा घेतोय! मी वैतागून म्हटलं, "कसलाच नाही. नुसतं पाणी आहे यात." आणि तहान लागलीच होती म्हणून ते पिऊनही टाकलं. गृहस्थांनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या आपल्या बायकोकडे बघितलं. त्या हसल्या.

"कधी येतेस राहायला?" गृहस्थांनी विचारलं.

त्यांच्या समोरचा वन रूम किचन त्यांचाच होता, तो मला मिळाला. माणूस चक्रम आहे एवढं त्याच दिवशी कळलं. किती चक्रम, ते कळायला वेळ लागला.

बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे गॅसकाका म्हणायचे. साठी उलटलेली, मूळचे रत्नागिरीकडचे, अंगाने काटकुळे, आणि एका जागी बसणं हा प्रकार ठाऊकच नाही. चहासुद्धा फिरत फिरत प्यायचे. एक घोट हॉलमध्ये, एक गॅलरीत, एक थेट जिन्यात. काकू म्हणायच्या, "लग्नात अंतरपाट दूर होईपर्यंत तरी उभे होते, तेवढंच नशीब."

वरसाव्याला हायवेलगत त्यांचं गॅरेज होतं. पेट्रोलच्या गाड्यांना एलपीजीचं किट बसवायचं आणि बसवलेली किटं तपासायची, एवढंच काम. एके काळी म्हणे तिथे गाड्यांची रांग असायची. मी राहायला आले तोवर जो तो सीएनजीकडे वळला होता. काकांकडे यायच्या त्या जुन्या गाड्या आणि जुनी गिऱ्हाइकं. ती मात्र वसईहून, ठाण्याहून, कुठून कुठून यायची, आणि यायची ती काकांच्या नाकासाठी. काका डिकीत डोकं घालतात, दोन श्वास घेतात आणि कुठला जोड गळतोय त्यावर बोट ठेवतात, अशी त्यांची ख्याती होती.

माझं ऑफिस घोडबंदर रोडला, कासारवडवलीत. गॅरेज वाटेवरच. "आठला निघतो मी. वरसाव्यापर्यंत गाडीतून चल, पुढची बस पकड," असं काकांनीच सुचवलं. मला वाटलं, किती भला माणूस आहे. तिसऱ्या दिवशी वाटलं, आपली बस बरी होती.

त्यांच्या गाडीत डिकीतल्या स्टेपनीच्या जागी गॅसची गोल टाकी बसवलेली होती. त्यामुळे स्टेपनी मागच्या सीटवर बसायची, काकूंच्या जुन्या साडीत गुंडाळलेली, सीटबेल्ट लावलेली. काशिमीऱ्याच्या सिग्नलला एकदा हवालदाराने वाकून बघितलं आणि विचारलं, "मागे कोण आहे?" काका म्हणाले, "स्टेपनी आहे साहेब. बेल्ट लावलाय तिला." हवालदाराने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

ही गाडी सुरू व्हायची पेट्रोलवर. इंजिन तापलं की डॅशबोर्डवरचं बटण दाबून तिला गॅसवर घ्यायची. ते बटण काका गोल्डन नेस्टच्या सर्कलपाशीच दाबायचे, अलीकडे नाही, पलीकडे नाही. तेव्हा स्वतः बोलायचे नाहीत आणि मलाही बोलू द्यायचे नाहीत. टक् असा बारीक आवाज आला की त्यांचे खांदे सैल पडायचे. "पेट्रोल म्हणजे पाहुणा," ते म्हणायचे. "दारापर्यंत ठीक. घर चालवायचं ते गॅसनं." आणि लगेच, "वास येतोय का?"

"नाही, काका."

काशिमीऱ्याला परत. "वास येतोय?"

"नाही."

हायवेला लागल्यावर परत. सकाळी दहापर्यंत माझ्याशी कोणी बोललेलं मला चालत नाही, आणि हा माणूस दर मैलाला माझी उलटतपासणी घ्यायचा. एकदा मी तडकून म्हटलं, "काका, देवाने एवढं नाक दिलंय तुम्हाला, स्वतः बघा की!" त्यावर त्यांनी आरसा नीट केला, जो आधीच नीट होता.

साबणाच्या पाण्याची फवाऱ्याची बाटली त्यांच्या हातात नाहीतर काखेत असायचीच. गॅसच्या जोडावर हे पाणी मारायचं. गळत असेल तर फुगा येतो, नसेल तर पाणी खाली ओघळतं. गॅरेजात ठीक आहे, पण काका ती बाटली घेऊन बारशाला जायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बेनकडे घरभरणी होती, तर हे देवाला नमस्कार न करता सरळ स्वयंपाकघरात शिरले आणि रेग्युलेटरवर फवारा मारायला लागले. बेन हात जोडून म्हणाल्या, "काका, पहले प्रसाद तो लो."

"पहले रेग्युलेटर, फिर प्रसाद," काका म्हणाले, आणि फुगा येत नाही हे पाहूनच हात धुतले.

त्यांचं एक वाक्य मला पाठ झालं होतं. "गॅस प्रामाणिक असतो. आधी वास देतो, मग पेटतो. माणसं आधी सांगत नाहीत."

एलपीजीचे पंप एकेक करून बंद होत चालले होते. टाकीतला गॅस दाखवायला बटणाभोवती चार हिरवे दिवे होते. दुसरा दिवा विझला की काका गाडी चालवता चालवता स्टिअरिंगवर बोटं वाजवायला लागायचे, आणि तिसरा विझायच्या आत चालू असलेला पंप गाठायला कुठल्या कुठे जाऊन यायचे. एकदा एक जण गॅरेजात येऊन हळूच म्हणाला, "कशाला वणवण करता? घरच्या सिलिंडरमधून भरून देतो ना." काकांनी त्याला हाताला धरून हायवेपर्यंत पोचवलं. परत येताना रागाने त्यांची मान थरथरत होती. "लोकांची पोरं बसतात गाडीत," एवढंच म्हणाले.

गॅरेजपाशी उतरले की माझी सुटका व्हावी की नाही? तर तेही नाही. "दोन मिनिटं ये. जरा डिकीत डोकं घाल." ऑफिसला निघालेली मी, इस्त्रीचा कुडता घालून, अनोळखी लोकांच्या डिक्यांत वाकायची. "डावीकडे येतोय, पायपापाशी," असं मी म्हटलं की काका तिथे फवारा मारायचे. फुगा यायचा. कोणी गिऱ्हाईक कुरकुरलं, "काका, आप नहीं सूंघोगे?" की ते म्हणायचे, "मेरा हो गया. ये सीख रही है." मला वाटायचं, म्हाताऱ्याला शिष्य हवाय आणि मी फुकटच्या लिफ्टपायी सापडलेय.

आता आठवलं की माझाच राग येतो. एकदा काकू सुके बोंबील भाजत होत्या. खालच्या गेटपासून जिना घमघमत होता, दोन मजल्यांवरची दारं धडाधड बंद झाली होती. काका माझ्याबरोबर वर आले, घरात पाय टाकला आणि म्हणाले, "आज काय केलंयस जेवायला?" काकूंनी नुसतं ताट वाढायला घेतलं. दुसऱ्या एका दिवशी दूध करपून काळं झालं होतं, आणि हे त्याच ओट्याला टेकून मला दाब आणि तापमान समजावत होते. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. निष्कर्ष काय काढला? वय झालं, लक्ष नसतं.

तो दिवस भाईंदर पश्चिमेच्या एका गुजराती भाईंच्या पांढऱ्या गाडीचा. काकांचं जुनं गिऱ्हाईक. आदल्या दिवशी काकांनी त्यांच्या टाकीवर नवा पाइप बसवला होता. पण गाडी आली होती पेट्रोलवर, टाकी ठणठणीत रिकामी. गॅसच नाही तर साबणाला फुगा कसा येणार? काकांनी बजावलं होतं, "गॅस भरून आणा. तपासल्याशिवाय सोडणार नाही."

भाई सकाळी टाकी भरून आले, पण सोबत सगळं घर घेऊन. कल्याणला साखरपुडा होता. मागे त्यांची म्हातारी आई आणि दोन लहान मुली, डिकीत साड्यांची सजवलेली ताटं, मिठाईचे खोके, सुक्या मेव्याच्या टोपल्या, थेट काचेपर्यंत. टाकी त्या सगळ्याच्या खाली.

"सामान काढा," काका म्हणाले.

"काका, प्लीज, दो घंटे लगे हैं पॅकिंग में. मुहूर्त निकल जाएगा. आप बस सूंघ लो ना."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "डोकं घाल."

मला दोन दिवस सर्दी होती. नाक गच्च बंद होतं. घर घेताना 'कधीच नाही' म्हणून बसले होते, म्हणून दोन दिवस रुमाल लपवत होते आणि गाडीतल्या प्रत्येक 'वास येतोय का?'ला सवयीने 'नाही' म्हणत होते. त्यात हातातल्या फोनवर साहेब बडबडत होते, बस डोळ्यांदेखत जात होती. मी डिकीत वाकले, मोतीचुराच्या खोक्यांकडे बघितलं आणि सरळ झाले.

"काही नाही."

"नक्की?"

"नाही येत, काका."

"नक्की?"

"नक्की हो!"

काका क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग भाईंना म्हणाले, "जाओ."

गाडी घोडबंदर रोडला लागली. मी बसथांब्याकडे चार पावलं टाकली आणि मला शिंक आली. मग दुसरी. तिसरी.

"सर्दी?" काका मागून म्हणाले.

"थोडीशी."

"कधीपासून?"

"झाले दोन दिवस."

ते ओरडतील असं वाटलं होतं. ते नुसते म्हणाले, "गाडीत बस."

शटर उघडं टाकून आम्ही निघालो. भाईंना फोन लावला. रिंग जात राहिली, कोणी उचलेना. काका गाडी चालवत होते तशी त्यांनी कधी चालवली नव्हती. टेम्पोच्या अंगावरून, खड्ड्यांतून, आणि मागे स्टेपनी बेल्टमध्ये उड्या मारत होती. मी म्हटलं, "पण काका, तुम्ही होतात ना तिथे. तुम्हालाही नाही आला ना वास?"

"मला येत नाही."

"आज?"

"कधीच येत नाही. कोविडच्या तापात गेला. सगळ्यांचा परत आला, माझा नाही आला." त्यांनी गिअर बदलला. "काकूला माहीत आहे. आता तुला."

एवढे दिवस मी समजत होते की हा माणूस मला लिफ्ट देतोय.

गायमुखच्या घाटाच्या अलीकडे गाड्या तुंबल्या होत्या. रोज त्या ट्रॅफिकला मी शिव्या घालते. त्या दिवशी हात जोडले. काकांनी गाडी होती तिथेच बंद केली, बाटली उचलली आणि उतरून पळत सुटले. मीही पळाले. मागचे हॉर्न मारत होते, एक ट्रकवाला ओरडत होता, "ओ चाचा, गाडी!" आणि साठी उलटलेला तो काटकुळा माणूस कंटेनरांच्या मधून बाटली छातीशी धरून धावत होता. प्रत्येक पांढऱ्या गाडीशी वाकायचा, नाही म्हणून पुढे पळायचा.

भाईंची गाडी सापडली. काचा बंद, आत एसी चालू, मुली गाण्यावर टाळ्या वाजवत होत्या. काकांनी काचेवर थापा मारल्या.

"बंद करो! इंजिन बंद! सब उतरो!"

"क्या हुआ काका?"

"पहले उतरो!"

आजीबाईंना मी हाताला धरून बाजूला नेलं, मुली मागोमाग आल्या. काकांनी आता कोणाचं ऐकलं नाही. साड्यांची ताटं, खोके, टोपल्या, सगळं रस्त्याच्या कडेला उतरवलं. टाकी मोकळी झाली. नव्या पाइपाच्या जोडावर त्यांनी फवारा मारला आणि आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. काही वेळ काहीच झालं नाही. मग मोहरीएवढा एक फुगा आला. तो वाटाण्याएवढा झाला. फुटला, आणि तिथेच दुसरा आला.

काकांनी टाकीवरचा व्हॉल्व्ह हाताने फिरवून बंद केला, पुन्हा पाणी मारलं. फुगा आला नाही. मग दोनदा, तीनदा मारून बघितलं.

"काचा उघडा, डिकी उघडी ठेवा, थोडा वेळ थांबा. मग पेट्रोलवर जा," ते म्हणाले. आणि मग, सगळ्यांसमोर, "भाई, आता माझ्याकडे येऊ नका. मेरे को वास नहीं आता. कब का चला गया."

भाईंना ते पटेना. "क्या बात करते हो, आपने ही तो पकडा!"

"मैंने नहीं. साबुन ने पकडा."

परत येताना मी म्हटलं, "काका, मी..."

"तुझं नाक तुझं," ते म्हणाले. "'जाओ' मी म्हटलं."

आमची गाडी होती तिथेच उभी होती. आत स्टेपनी एकटीच बसली होती, आणि मागे लोक आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

पुढचे काही दिवस काका हॉलमध्ये फेऱ्या मारत फोन करत होते. जुन्या वहीतल्या एकेका गिऱ्हाइकाला. तेच वाक्य मराठीतून, हिंदीतून, तोडक्यामोडक्या गुजरातीतून: मला वास येत नाही, गाडी दुसरीकडे दाखवून घ्या. समोरच्या घरात मला ते ऐकू यायचं. मी टीव्हीचा आवाज वाढवायचे. मी आता बसने जायला लागले होते. वरसाव्याच्या थांब्यावर चहा विकणारी गावातली म्हातारी मला रोज विचारायची, "तुमचा काका येत न्हाय का गो? शटर बंदच हाय." मी रोज काहीतरी कारण सांगायचे.

गॅरेज गेलं तसे काका घरात मावेनासे झाले. सकाळी आठला तयार होऊन खाली उतरायचे, गाडी पुसायचे, वर यायचे, परत उतरायचे. शेवटी काकूच म्हणाल्या, गावी जाऊ या. तिथे निदान फिरायला अंगण आहे. माझं भाड्याचं घर माझ्याकडेच राहू दिलं.

निघायच्या सकाळी काकू त्यांच्या घराच्या किल्ल्या द्यायला आल्या. सोबत तो कप होता. "हा ठेव तुला," म्हणाल्या. "याच्यावरच तर घर मिळालं तुला."

"म्हणजे? मी नापासच झाले होते ना? मला तर काहीच वास आला नव्हता."

"अगं, पाणीच होतं त्यात. तुझ्या आधी चौघं येऊन गेली. एकीला गुलाबाचा वास आला, एकाला कापराचा, एक तर वेलची म्हणाली. घर हवं होतं ना सगळ्यांना. तू एकटीच म्हणालीस, नुसतं पाणी आहे. हे मला म्हणाले, हिलाच द्यायचं. ही नसलेलं आहे म्हणणार नाही, आणि असलेलं नाही म्हणणार नाही."

मी तो कप हातात धरून उभी राहिले. रडू आलं, आणि काकूंसमोर लपवताही आलं नाही.

खाली काका गाडीभोवती फिरत होते. डिकी उघडी होती, आत पिशव्या होत्या, मागे स्टेपनीला बेल्ट लावलेला होता. मी सरळ जाऊन म्हटलं, "काका, त्या दिवशी मी वास घेतलाच नव्हता. खोटं बोलले."

"माहीत आहे," ते म्हणाले. "श्वास घेताना खांदे हलतात. तुझे हलले नव्हते."

"मग सोडलंत कशाला त्यांना?"

"सामान काढायला लावलं असतं तर सांगावं लागलं असतं, मी स्वतः का हुंगत नाही ते." त्यांनी टायरला उगाच पायाने ठोकून बघितलं. "म्हणून तर शटर पाडलं. तू शिंकलीस म्हणून नाही."

काकू गाडीत बसल्या. काका दाराशी गेले, परत आले.

"वास येतोय का?"

मी डिकीत वाकले. पिशव्या बाजूला सारल्या, टाकीपर्यंत डोकं नेलं आणि छाती भरून श्वास घेतला. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, एकदा पाइपापाशी. मागे काका माझ्या खांद्यांकडे बघत असणार, हे मला ठाऊक होतं.

"गॅसचा नाही," मी म्हटलं. "काकूंच्या पिशवीत उत्तनचे बोंबील आहेत, त्यांचा येतोय."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी डिकी लावली, गाडी सुरू केली आणि गेटबाहेर वळवली. त्या दिवशी त्यांनी मला 'नक्की?' असं दोनदा विचारलं होतं. आज एकदाच विचारलं.